धुळीचा कण

रायपूरच्या उत्तरेला बिरगाव, भनपुरी, सिलतरा या पट्ट्यातल्या घरांत दिवाळीची साफसफाई आठ-पंधरा दिवसांत आटपत नाही. ती वर्षभर चालूच असते. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांमधून निघणारी काळी भुकटी गच्चीवर बसते, तुळशीच्या पानांवर बसते, वाळत घातलेल्या चादरीवर बसते. सकाळी पुसलेल्या फरशीवरून संध्याकाळी अनवाणी चाललं की तळवे काळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ साली जगभरच्या शहरांच्या हवेची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीत पीएम २.५ या सूक्ष्म धुळीच्या बाबतीत रायपूर सर्वांत वाईट शहरांच्या रांगेत होतं. दर घनमीटर हवेत १३४ मायक्रोग्रॅम. दिल्ली, पाटणा आणि ग्वाल्हेर एवढीच शहरं त्याच्या पुढे होती.

याच रायपूरच्या आग्नेयेला, विमानतळाच्या पलीकडे, रुंद आणि बऱ्याचदा रिकाम्या रस्त्यांचं नवा रायपूर वसतं आहे. तिथल्या सेक्टर ५ मध्ये ११ एप्रिल २०२५ रोजी छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते एका कारखान्याचं भूमिपूजन झालं. चेन्नईच्या पॉलीमेटेक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा हा प्रकल्प. राज्य सरकारनं त्या वेळी दिलेली माहिती अशी: गुंतवणूक १,१४३ कोटी रुपयांची, बांधकाम सुमारे दीड लाख चौरस फुटांचं, आणि चिप बनणार त्या गॅलियम नायट्राइडच्या. २०३० पर्यंत वर्षाला १० अब्ज चिप काढण्याचं उद्दिष्टही तेव्हाच जाहीर झालं. केंद्राच्या सेमीकंडक्टर मिशननं ऑगस्ट २०२५ पर्यंत मंजूर केलेल्या दहा प्रकल्पांत गुजरात, आसाम, ओडिशा, पंजाब, आंध्र, उत्तर प्रदेश आहेत, छत्तीसगड नाही. इथला प्रकल्प उभा राहतोय तो राज्याच्या २०२४-३० च्या औद्योगिक धोरणाच्या बळावर.

भूमिपूजनाच्या बातम्यांत जमीन आली, सवलती आल्या, नोकऱ्या आल्या. हे सगळं महत्त्वाचंच आहे. पण चिपचा धंदा जगात सुरू झाला तो या गोष्टींमुळे नव्हे. त्याचं मूळ शोधत मागे गेलं की एका फार क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपाशी येऊन थांबावं लागतं, आणि ती गोष्ट रायपूरकरांच्या रोजच्या ओळखीची आहे. ती म्हणजे धूळ.

चिप ज्यांची बनते त्या ट्रान्झिस्टरचा जन्म १९४७ सालच्या डिसेंबरातला, अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेतला. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोकं टेकवून विजेचा क्षीण संदेश मोठा करून दाखवला. त्यांचे वरिष्ठ विल्यम शॉक्ली यांनी पुढच्याच वर्षी त्याहून टिकाऊ रचना मांडली. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. बेलनं ही विद्या तिजोरीत ठेवली नाही. १९५२ मध्ये २५,००० डॉलर भरणाऱ्या कंपन्यांच्या माणसांना बोलावून तिनं ट्रान्झिस्टर कसा करायचा ते आठवडाभर शिकवलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स नावाची, तेलाचे साठे शोधायची उपकरणं करणारी कंपनी त्या वर्गात बसली होती. पुढच्या सहा वर्षांत तिनं काय केलं ते ओघात येईलच.

शॉक्ली यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि देशातली हुशार तरुण मुलं वेचून आणली. माणूस बुद्धीनं अफाट, पण सहकाऱ्यांवर संशय घेणारा. दीड-दोन वर्षांत त्यातले आठ जण एकदम बाहेर पडले: रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जीन होएर्नी, जे लास्ट, युजीन क्लायनर, ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच आणि शेल्डन रॉबर्ट्स. कॅमेरे बनवणाऱ्या शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीनं पैसे घातले आणि १९५७ च्या शरद ऋतूत फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली.

या आठ जणांना पुढे दंतकथेचं रूप आलं. त्यामुळे त्यांचे पहिले महिने कसे गेले ते बारकाईनं पाहायला हवं. बाजारात चिप करायची यंत्रं विकत मिळत नव्हती, कारण असा धंदाच नव्हता. भट्ट्या त्यांनी स्वतः बांधल्या. सिलिकॉनवर नक्षी उतरवण्यासाठी एकसारख्या भिंगांची गरज होती, म्हणून नॉइस आणि लास्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले आणि सोळा मिलिमीटर सिनेकॅमेऱ्याच्या भिंगांच्या ढिगातून जुळणारी भिंगं निवडून घेऊन आले. बहुतेक डॉक्टरेट मिळवलेली ही माणसं नळ जोडत होती, लेथवर उभी राहत होती. पहिलं गिऱ्हाईक होतं आयबीएम. १०० ट्रान्झिस्टर, प्रत्येकी १५० डॉलर.

माल गेला, आणि थोड्याच दिवसांत तक्रारी आल्या. काही ट्रान्झिस्टर अधूनमधून बंद पडत होते. कारण सापडलं ते साधं होतं. ट्रान्झिस्टर धातूच्या इवल्याशा डबीत बंद केलेला असे. डबीला झाकण बसवताना आत धातूचा एखादा सूक्ष्म कण सुटा राहायचा. वीज सुरू झाली की तो कण ओढला जाऊन नेमका नाजूक सांध्यावर चिकटायचा आणि सगळं निकामी व्हायचं. तंत्रज्ञ पेन्सिलीच्या मागच्या रबरानं डबीवर टकटक करून पाहायचे. टकटक केल्यावर जो बंद पडला तो नापास. लष्कराच्या क्षेपणास्त्रात जाणाऱ्या वस्तूची परीक्षा ही अशी, रबरानं.

यावर उपाय काढला होएर्नी यांनी. हे स्विस गृहस्थ फारसे कुणात मिसळत नसत. सिलिकॉन तापवला की त्यावर काचेसारखा ऑक्साइडचा थर येतो. हा थर कामापुरता ठेवून मग खरवडून टाकायचा, कारण तो घाणेरडा असतो, असा बेल प्रयोगशाळेपासूनचा समज होता. होएर्नी म्हणाले, काढायचाच नाही. सांध्यावर तोच थर झाकणासारखा राहू द्यायचा. मग धुळीचा कण आत असो की बाहेर, तो सांध्यापर्यंत पोचणारच नाही. १९५९ च्या सुरुवातीला त्यांनी हे लिहून दिलं. याला प्लेनर पद्धत म्हणतात. ट्रान्झिस्टर आता टेकडीसारखा उंच न राहता सपाट झाला होता आणि त्याच्या अंगावर विजेला अडवणारी काच होती. नॉइस यांच्या लक्षात आलं की त्या काचेवरून धातूच्या रेघा ओढल्या तर एकाच तुकड्यावरचे अनेक ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जोडता येतील. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी ते वहीत मांडलं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी यांनी त्याआधी काही महिने, १२ सप्टेंबर १९५८ रोजी, एकाच तुकड्यातलं पहिलं सर्किट चालवून दाखवलं होतं. किल्बी नवे होते, उन्हाळी रजा त्यांच्या वाट्याची नव्हती. कारखाना सुट्टीवर असताना ते एकटे बसून विचार करत राहिले. पण त्यांच्या सर्किटातल्या तारा बारीक, हातानं जोडलेल्या, हवेत लोंबणाऱ्या होत्या. हजारोंनी, लाखोंनी काढता येईल अशी चिप निघाली ती होएर्नी यांच्या काचेच्या थरामुळे. किल्बी यांना २००० साली नोबेल मिळालं, नॉइस तोवर हयात नव्हते. होएर्नी यांचं नाव आजही या क्षेत्राबाहेर फार कुणाला ठाऊक नाही, आणि ते चुकीचं आहे.

धुळीचा पाठलाग इथे संपला नाही. पुढच्या पिढीचे, मॉस म्हणून ओळखले जाणारे ट्रान्झिस्टर साठीच्या दशकात फार लहरी वागायचे. आज एक गुण, उद्या दुसरा. फेअरचाइल्डमधल्याच ब्रूस डील, अँड्र्यू ग्रोव्ह आणि एड स्नो यांनी शोधून काढलं की दोष सोडियमचा आहे. सोडियम म्हणजे मिठातला. कामगाराच्या बोटाच्या घामातून तो येत होता, भट्टीच्या नळीतून येत होता, रसायनांतून येत होता. आता वाऱ्यावरच्या धुळीइतकंच माणसाचं शरीरही संशयित ठरलं. चिपच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं दिसतात. ते कपडे घालणाऱ्याच्या रक्षणासाठी नसतात. चिपला माणसापासून वाचवायचं असतं.

चिपच्या गोष्टीत पुढे एक मराठी आडनाव येणार आहे, आणि रायपूरला मराठी माणूस नवा नाही. नागपूरच्या भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडात आली, आणि तिच्यामागून कारकून, पुरोहित, शिक्षक, वैद्य आले. शहरातला तात्यापारा त्या वस्तीची खूण आहे. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ चं. छत्तीसगडातल्या पत्रकारितेची सुरुवातही एका मराठी घरातल्या माणसाची: माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. सप्रे यांच्याकडे स्वतःचा छापखाना नव्हता. संपादन पेंड्र्यात, छपाई आधी रायपुरात आणि मग नागपुरात. मासिक कुणाचं, तर सप्र्यांचं. यंत्र कुणाचं हे वाचकानं कधी विचारलं नाही. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण चिपच्या धंद्यात हाच विचार ऐंशी वर्षांनी एका पाटलांनी आणला.

सुहास पाटील यांचा जन्म १९४४ चा, जमशेदपूरचा. म्हणजे भट्ट्या, धूर आणि भोंगे यांच्या शहरातला. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा कागदावरही नव्हता; तिथली पहिली झोतभट्टी पेटली ती १९५९ मध्ये. पाटील १९६५ साली खरगपूरच्या आयआयटीतून बाहेर पडले आणि अमेरिकेत एमआयटीला गेले. १९७० मध्ये डॉक्टरेट. तिथल्या प्रोजेक्ट मॅक या गाजलेल्या संगणक-प्रयोगशाळेत त्यांचं काम चाललं होतं ते अनेक यंत्रं एकाच वेळी, घड्याळाच्या ठोक्याशिवाय, एकमेकांशी जुळवून कशी घ्यायची या प्रश्नावर.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही त्यांचं एक कोडं भेटतं, बहुधा कर्त्याचं नाव न कळता. टेबलाभोवती तीन सिगारेट ओढणारे बसले आहेत. एकाकडे तंबाखू भरपूर, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याकडे काड्यापेटी. चौथा माणूस या तिन्हींतल्या कुठल्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे तिसरी वस्तू आहे त्यानंच उठायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. ऐकायला पोरखेळ, पण त्या काळच्या संगणकांना समन्वय शिकवण्याची जी साधनं होती, त्यांच्या मर्यादा पाटील यांनी १९७१ मध्ये या कोड्यातून दाखवल्या. चिपमध्येही तेच घडतं: हजारो भाग, प्रत्येकाकडे थोडंसं काही, आणि कुणी कधी पुढे व्हायचं ते ठरवावं लागतं.

१९७५ मध्ये पाटील युटा विद्यापीठात शिकवायला गेले. तेव्हा चिपची रचना हातानं होत असे. मोठ्या कागदावर एकेक ट्रान्झिस्टर, एकेक तार आखत जायची, रंगीत पेन्सिलीनं तपासायची. २,३०० ट्रान्झिस्टरच्या चिपला हे जमलं. इंटेलची पहिली मायक्रोप्रोसेसर चिप, १९७१ ची ४००४, एवढीच होती. पण मूर यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की एका चिपवरच्या भागांची संख्या दरवर्षी दुपटीनं वाढत जाईल. लाखभर ट्रान्झिस्टर झाल्यावर ते आखायला माणसं कुठून आणणार? पाटील यांनी काढलेला मार्ग असा की चिपचा पाया चौकोनी जाळीसारखा, पुन्हा पुन्हा तोच ठेवायचा, स्मृतीचे आणि तर्काचे घटक त्याच जाळीत मिसळायचे, आणि कोणत्या चौकोनात काय भरायचं ते संगणकाला ठरवू द्यायचं. १९७९ मध्ये टेरी वेल्च यांच्याबरोबर त्यांनी या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. त्याच सुमारास कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि चिपची रचना विद्यापीठात, कारखान्याच्या भिंतीबाहेर शिकता येते हे जगाला कळलं.

१९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत पाटील सिस्टिम्स ही कंपनी निघाली. १९८४ मध्ये ती सिलिकॉन व्हॅलीत आली आणि तिचं नाव सिरस लॉजिक झालं. सिरस म्हणजे आकाशात सर्वांत उंच तरंगणारे पिसांसारखे ढग. लवकरच माइक हॅकवर्थ प्रमुख म्हणून आले आणि पाटील तंत्राच्या बाजूला राहिले. कंपनीनं स्वतःचा चिप-कारखाना बांधला नाही. नकाशा आमचा, भट्टी दुसऱ्याची. अशा कंपन्यांना फॅबलेस म्हणतात. फॅब म्हणजे चिपचा कारखाना, तो नसलेली ती फॅबलेस. त्या वेळी धंद्यातली जाणती माणसं याकडे तुच्छतेनं पाहत. ज्याच्याकडे भट्टी नाही तो कसला लोहार! सिरसनं हार्ड डिस्क चालवणाऱ्या चिप केल्या, मग पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या. १९८९ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. नव्वदीच्या पूर्वार्धात ज्या भारतीय कचेऱ्यांत रंगीत पडद्याचा पीसी पहिल्यांदा आला, त्यांतल्या कितीतरी पीसींच्या आत सिरसची चिप होती. १९९६ च्या आर्थिक वर्षात विक्री १ अब्ज डॉलरच्या वर गेली.

याच यशात एक चूकही झाली. मागणी इतकी वाढली की दुसऱ्यांच्या कारखान्यांत जागा मिळेना. तेव्हा सिरसनं आयबीएमबरोबर आणि नंतर एटी अँड टीपासून वेगळ्या झालेल्या लुसेंटबरोबर भागीदारीत कारखाने घेतले. बाजार फिरला, चित्रांच्या चिपमध्ये नवे स्पर्धक आले, आणि ते कारखाने गळ्यातलं लोढणं झाले. नव्वदीच्या अखेरीस कंपनीनं ते सोडले, आवाजाच्या चिपवर सगळं लक्ष केंद्रित केलं आणि तग धरला. पुढे आयफोनमध्ये आवाज उमटवणाऱ्या चिप तिच्या होत्या. तैवानात मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये टीएसएमसी काढली ती केवळ इतरांच्या चिप बनवून देण्यासाठीच. सिरससारख्या कंपन्या नसत्या तर तिला गिऱ्हाईक कोण मिळालं असतं? पाटील यांचं स्थान या ठिकाणी आहे: आजची जगाची घडी, जिथे रचना एका देशात आणि भट्टी दुसऱ्या देशात असते, ती घालणाऱ्या पहिल्या काहींपैकी ते एक.

भारतात मात्र सुरुवातीचे प्रयत्न भट्टीचे होते. मोहालीतल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ च्या सुमारास पाच मायक्रॉनच्या चिप निघू लागल्या. जगाच्या तुलनेत मागे, पण फार मागे नव्हे. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी तिथे आग लागली आणि कारखाना राख झाला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत जग कित्येक पायऱ्या पुढे गेलं होतं. त्याच काळात पुण्यात सीडॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहत होती. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक झाला. तो सर्वार्थानं भारतीय पराक्रम होता; पण त्याच्या पोटातल्या ट्रान्सप्युटर चिप ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीच्या होत्या. रचनेची बाजू वेगळ्या दारानं आली: १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं, त्या १९५२ च्या वर्गातल्या विद्यार्थ्यानं, बंगळूरला केंद्र काढलं. आज जगातल्या चिप रचनाकारांतला मोठा हिस्सा भारतीय आहे.

रायपूरचा प्रकल्प सिलिकॉनचा नाही, गॅलियम नायट्राइडचा आहे. हा पदार्थ जास्त उष्णता आणि जास्त विद्युतदाब सोसतो, म्हणून मोबाइलच्या मनोऱ्यांत, रडारमध्ये आणि अलीकडच्या छोट्या पण दमदार चार्जरमध्ये तो असतो. गॅलियमची खाण नसते. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो चिमूटभर साठत जातो आणि तिथून वेगळा करावा लागतो. छत्तीसगडात मैनपाटला बॉक्साइट आहे, कोरब्याला १९६५ सालची बाल्को आहे. पण कोरब्यातली अ‍ॅल्युमिना रिफायनरी २००९ च्या सुमारास थांबली. आज तिथे फक्त धातू वितळवण्याचं काम चालतं. जगातला बहुतेक गॅलियम चीनमधून येतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून चीननं त्याच्या निर्यातीला परवाना लावला आहे. नव्या रायपुरात गॅलियमच्या चिप आणि दोनशे किलोमीटरवर थांबलेली रिफायनरी, या दोन गोष्टी सरकारी फायलींत एकत्र यायला हव्यात.

गॅलियम नायट्राइडची जन्मकथा तर रायपूरसारख्या शहरांनी भिंतीवर लावावी अशी आहे. हा पदार्थ चमकता निळा प्रकाश देईल हे सिद्धांतानं माहीत होतं, पण त्याचा निर्दोष स्फटिक कुणाला वाढवता येत नव्हता. नागोया इथे इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो अनेक वर्षं त्याच्या मागे होते. तिसरे, शुजी नाकामुरा, टोकियोत नव्हते की ओसाकात नव्हते. शिकोकू बेटावरच्या आनान या लहान गावात निचिया नावाची रसायनांची कंपनी होती, ट्यूबलाइटच्या आतली पावडर करणारी. तिथे ते १९७९ पासून नोकरी करत होते. सुरुवातीची वर्षं त्यांनी भट्टी स्वतः जोडली, क्वार्ट्झच्या नळ्या स्वतः वितळवून सांधल्या. त्या नळ्या फुटून प्रयोगशाळेत स्फोट व्हायचे.

१९८८ मध्ये मालक नोबुओ ओगावा यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून मोठा खर्च मंजूर केला. नाकामुरा वर्षभर फ्लोरिडा विद्यापीठात राहून स्फटिक वाढवण्याचं तंत्र शिकून आले. परत आल्यावर महागडं यंत्र त्यांनी उघडलं आणि त्यात वायूचा दुसरा प्रवाह वरून खाली सोडण्याची सोय केली. एवढ्यानं स्फटिक बदलला. कंपनीच्या पुढच्या प्रमुखांनी काम थांबवायला सांगितलं, त्यांनी थांबवलं नाही. १९९३ मध्ये निचियानं तेजस्वी निळा दिवा जाहीर केला. आज घराघरांत जे पांढरे एलईडी दिवे जळतात, दिवाळीच्या माळांमध्ये जे निळे ठिपके दिसतात, ते सगळे त्याचे वंशज. शोधाबद्दल कंपनीनं त्यांना दिलं ते २०,००० येनचं बक्षीस. पुढे कोर्टकचेरी होऊन २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ चं नोबेल तिघांना मिळून.

नाकामुरा यांना हात वापरता येत होते, आणि मालकानं त्यांना शिकायला पाठवलं. रायपूरच्या संदर्भात दोन्ही गोष्टी मोलाच्या. हातांची वाण छत्तीसगडात नाही. भिलाईच्या आसपास उत्तम वेल्डर, फिटर, भट्टीवरचे मिस्त्री पिढ्यान् पिढ्या आहेत. रायपूरचं एनआयटी १९५६ मध्ये खाण आणि धातुशास्त्राचं महाविद्यालय म्हणूनच सुरू झालं. नव्या रायपुरातल्या ट्रिपल आयटीचे पहिले संचालक प्रदीप सिन्हा हे पुण्याच्या सीडॅकमधून आलेले. शिकवणारी माणसं कुठून येतात आणि कुणाला शिकवतात, यावर चिपचा धंदा आजवर उभा राहिला आहे. बेलचा आठवडाभराचा वर्ग असो की फ्लोरिडातलं वर्ष.

शिकवलं नाही तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. फेअरचाइल्डनं १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक इथे, नावाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, चिप जुळवणीचा कारखाना काढला. हजारावर कामगार, बहुतेक बायका. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नावाहो गालिच्याची नक्षी आणि चिपवरची नक्षी शेजारी शेजारी छापली होती. या बायकांची बोटं जन्मतःच कुशल आहेत असं त्यातून सुचवायचं होतं. बोटांचं कौतुक झालं, पण भट्टीचं, रसायनांचं, रचनेचं शिक्षण त्या बोटांच्या धन्यांपर्यंत क्वचितच पोचलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये दीडशेच्या आसपास कामगारांना कमी केल्यावर सशस्त्र कार्यकर्त्यांनी आठवडाभर कारखाना ताब्यात घेतला, आणि कंपनी तिथून कायमची निघून गेली. कोशाच्या साड्या विणणाऱ्या चांपा-जांजगीरच्या बायकांची बोटंही उद्या एखाद्या सरकारी जाहिरातीत झळकू शकतील. त्यांच्या मुलींना चिपच्या भट्टीचं तापमान कोण ठरवतो हे कळलं, आणि ते ठरवण्याच्या खुर्चीपर्यंत जाता आलं, तर गोष्ट वेगळी होईल.

स्वच्छ खोलीत, म्हणजे चिपच्या कारखान्यातल्या मुख्य दालनात, नव्या कामगाराचा पहिला धडा यंत्राचा नसतो. तो कपडे घालण्याचा असतो. आधी केसांवर जाळी, मग टोपडं, मग गळ्यापासून घोट्यापर्यंतचा झगा, त्याखाली बुटांवरची आवरणं, शेवटी हातमोजे. क्रम वरून खाली, कारण डोक्यावरचा कण खाली पडतो. काजळ नको, कुंकू नको, पावडर नको. त्यात सोडियम आणि इतर क्षार असतात. मग दाराआधीच्या छोट्या खोलीत चहूबाजूंनी हवेचा झोत. साठीच्या दशकात विलिस व्हिटफिल्ड यांनी सुचवलेल्या रीतीनं छतातून सतत गाळलेली हवा खाली येत असते आणि फरशीतून निघून जाते. चांगल्या खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे शंभरांहून कमी कण असावे लागतात. सिलतऱ्याच्या घरातून सकाळी निघालेली मुलगी या झोताखाली हात पसरून उभी राहील, तेव्हा तिच्या गच्चीवर रात्रभर बसलेली काळी भुकटी तिच्या आईनं अजून झाडलेली नसेल.